गुरुजींना आईच्या पदराआड लपवू नका

"साने गुरुजींना राजकारणात ओढू नका." डिसेंबर उजाडला की हे वाक्य आमच्या भडगाव तालुक्यात हमखास कानावर पडतं. जयंतीचा कार्यक्रम ठरवायला चार माणसं बसली आणि कुणी शेतकऱ्याचा, कर्जाचा, जातीचा विषय काढला, की लगेच कुणीतरी हात वर करतं. हे म्हणणारी माणसं वाईट नसतात. फोटोला हार तेच आणतात, वर्गणीत कमी पडलं तर पदरचे पैसे तेच घालतात. गुरुजींवर त्यांचा खरा जीव आहे. पण या एका वाक्यानं गुरुजींचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं त्यांच्या उघड विरोधकांनाही जमलं नाही. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं मला भाग आहे.

त्यांचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनं मांडतो. गुरुजी म्हणजे मातृभक्त, मुलांना गोष्टी सांगणारा, डोळ्यांत चटकन पाणी येणारा हळवा माणूस. काळच तसा होता म्हणून ते तुरुंगात गेले, एरवी त्यांचा पिंड राजकारणाचा नव्हता. क्रांतिकारक हा शब्द रक्त सांडणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. खानदेशात असे वीर झालेत, गुरुजींना त्या रांगेत बसवून दोघांचाही मान कमी करू नये. शिवाय शेवटी ते खचले, हेही विसरू नये. तेव्हा जयंतीला 'श्यामची आई'तल्या गोष्टी सांगाव्यात, सगळ्यांना पाठ असलेली ती प्रार्थना म्हणावी, मुलांवर संस्कार करावेत. बाकीचं उकरून काढून काय मिळणार?

यातला एकेक मुद्दा घेतो.

गुरुजींना राजकारणात कुणी ओढलं? १९३० साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. एम.ए. झालेला, विद्यार्थ्यांचा लाडका, वसतिगृह सांभाळणारा, 'विद्यार्थी' मासिक चालवणारा तिशीतला माणूस. कोकणातल्या पालगडचं घर कर्जापायी गेलेलं. अशा माणसाला पगाराची नोकरी म्हणजे काय असते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ती नोकरी त्यांनी मिठाच्या सत्याग्रहासाठी सोडली. मग धुळ्याचा तुरुंग, तिथून पार त्रिचनापल्लीचा तुरुंग. १९३२ ला पुन्हा धुळे, नंतर नाशिक. १९४० नंतर पुन्हा धुळे. १९४२ ला भूमिगत, १९४३ ला मुंबईत अटक. 'पत्री' या त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारनं जप्त केल्या. हळव्या माणसाच्या निरुपद्रवी कविता जप्त करायची सरकारला काय गरज पडली होती? ज्याला सरकारनं पुन्हापुन्हा उचलून तुरुंगात टाकलं, त्याचा पिंड राजकारणाचा नव्हता, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

आणि ज्या पुस्तकाच्या आड आपण त्यांना लपवतो, त्या पुस्तकाचं तरी काय? 'श्यामची आई' लिहिलं गेलं नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या काही दिवसांत. बेचाळीस रात्रींचं ते पुस्तक एका राजकैद्यानं लिहिलेलं आहे. आपण मात्र त्यातल्या दोन-तीन रात्रीच वर्षानुवर्षं सांगत आलो. तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम, आणि मनालाही तसंच जप म्हणणारी आई. पोहायला घाबरून लपलेला श्याम, आणि त्याला झोडपून विहिरीवर धाडणारी आई. गोष्टी सुंदरच आहेत. पण त्याच पुस्तकात डोक्यावर मोळी चढवता येत नाही म्हणून खोळंबलेली म्हातारी महारीण आहे. तिची मोळी उचलून दे, असं आई ब्राह्मणाच्या पोराला सांगते. घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते, म्हणजे काळाची चौकट तिला मोडता आली नाही. पण चौकटीला धक्का तिथंच बसला. पुढे पंढरपूरला जे घडलं, त्याचं बी त्या मोळीत आहे.

आणि कर्ज? ते पुस्तक नीट वाचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या घरावर सावकाराची सावली आहे. वसुलीला आलेला माणूस दारात बसतो, घरधन्याचा पाणउतारा करतो, बाईच्या जिवाला ते लागतं, राहतं घर हातचं जातं आणि आई झिजून मरते. कर्जानं एक कुटुंब कसं संपतं, त्याची ही हकीकत आहे. ज्या तालुक्यात सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज, बियाण्याच्या दुकानाची उधारी आणि त्याही वर खाजगी सावकार असा फास घराघरात आहे, त्या तालुक्यात हे पुस्तक आईच्या मायेचं पुस्तक म्हणून वाचायचं आणि कर्जाची पानं भरभर उलटायची, याला काय म्हणावं?

मागे तालुक्यातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय ठरलेला, 'श्यामची आई आणि संस्कार'. पाय पुसण्याची गोष्ट चार मुलांनी सांगितली, पोहण्याची तिघांनी. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिनं थेट वसुलीवाल्याचा प्रसंग घेतला. बोलता बोलता ती घरच्या कापसावर आली. दिवाळीआधी पाऊस लागून राहिला, झाडावरच्या कैऱ्या, म्हणजे न फुटलेली बोंडं, काळ्या पडल्या, फुटलेल्या बोंडांतून कोंब निघाले, वेचायला मजूर लावावा तर मजुरीही सुटेना. खेडा खरेदीवाला पिशवीत हात घालून कापूस चोळून बघायचा, ओला आहे म्हणायचा आणि भाव पाडायचा. "आई त्या रात्री जेवली नाही," एवढं म्हणून ती खाली बसली. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. त्या बाकांवर बसलेल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरात तेच चाललं होतं. गुणांच्या वेळी माझ्याशेजारच्या परीक्षकांनी तिचे गुण कापले. शेरा होता : विषय सोडून बोलली.

त्या सगळ्या स्पर्धेत विषयाला धरून बोललेली ती एकटीच होती. आम्ही दोघं त्यावरून बराच वेळ भांडलो. त्यांचं शेवटचं म्हणणं हेच होतं, "सर, गुरुजींच्या कार्यक्रमात राजकारण नको." एका शेतकऱ्याच्या मुलीनं आपल्या आईचं उपाशी झोपणं सांगितलं, त्यात राजकारण कुठून आलं? आणि असलंच, तर गुरुजींना याखेरीज दुसरं कुठलं राजकारण ठाऊक होतं?

आता अमळनेर. भडगावहून पारोळामार्गे गेलं तर ते काही लांब नाही. शाळांच्या सहली तिथल्या मंगळग्रह मंदिरात जातात, तत्त्वज्ञान मंदिरातही जातात. गिरणीची गोष्ट मात्र मुलांना कुणी सांगत नाही. अमळनेरची प्रताप मिल, प्रताप हायस्कूल आणि ज्या तत्त्वज्ञान मंदिरात गुरुजी शिकायला म्हणून खानदेशात आले ते मंदिर, या तिन्हींमागे एकच नाव आहे, श्रीमंत प्रतापशेठ. त्यांच्या दातृत्वानं अमळनेर घडलं, हे खरंच आहे आणि ते मान्य करायला मला अडचण नाही. गुरुजींनाही नसणार. तरी त्याच गावात त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. ज्या घराच्या दानातून उभ्या राहिलेल्या शाळेत आपण शिकवलं, त्याच घराच्या गिरणीतल्या मजुरांच्या बाजूनं उभं राहायचं, यासाठी कसली छाती लागते याचा विचार करा. उपकाराचं ओझं भल्याभल्यांना गप्प बसवतं. आज आपल्या संस्थांमध्ये शिकवणाऱ्या किती जणांना संचालकांच्या कारखान्यातल्या, पतपेढीतल्या कारभाराबद्दल चकार शब्द काढता येतो? गुरुजी गप्प बसले नाहीत. मवाळ माणसं असं वागतात का?

शेतकऱ्यांचंही तेच. १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. त्या सुमारास पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या आपल्या जळगाव जिल्ह्यात, अतिवृष्टीनं पिकं बुडाली होती. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजी गावोगाव हिंडले, सभा घेतल्या, शेतकऱ्यांचं राज्य येण्यासाठी सारं रान पेटवायची हाक देणारं गाणं त्यांनी लिहिलं आणि ते खेड्यापाड्यांत म्हटलं गेलं. आता त्या वेळी मुंबई प्रांतात सरकार कुणाचं होतं? बाळासाहेब खेरांचं, काँग्रेसचं. गुरुजींच्या स्वतःच्या पक्षाचं! साप्ताहिकाच्या माथ्यावर पक्षाचं नाव, आणि आत त्याच पक्षाच्या सरकारकडे शेतकऱ्याच्या वतीनं मागणी. आपल्या पक्षाची सत्ता आली की शेतकऱ्याचा विषय गुंडाळून ठेवायचा, ही रीत तेव्हाही होती आणि आजही आहे. सगळ्याच पक्षांची आहे. गुरुजी तिच्याविरुद्ध गेले. त्यांना राजकारणापासून दूर ठेवा म्हणणाऱ्यांना नेमकं काय दूर ठेवायचं आहे? हे?

त्याआधीचं फैजपूर तर आपण जिल्ह्याचा अभिमान म्हणून सांगतो. २७ आणि २८ डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, उभारणीत धनाजी नाना चौधरींसारखी माणसं, बांबू-चटयांची ती देखणी नगरी उभी करायला नंदलाल बोस. गुरुजी स्वयंसेवक आणि निधी गोळा करत खानदेशभर फिरले, अधिवेशनात त्यांनी स्वतःला सफाईच्या कामाला जुंपून घेतलं. एवढं आपण सांगतो आणि थांबतो. त्या अधिवेशनानं शेतीचा कार्यक्रम मंजूर केला, त्यात काय होतं हे सांगत नाही. शेतसारा आणि खंड कमी करणं, न परवडणाऱ्या तुटपुंज्या जमिनींना त्यातून सूट, ग्रामीण कर्जातून सुटका, शेतमजुराला पोट भरेल इतकी मजुरी, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता. ही यादी फैजपूरच्या मातीत मंजूर झाली. केळीचा भाव, पीक विमा, कापसाची खरेदी यावर रावेर-यावलपासून कजगावपर्यंत आज जे बोललं जातं, ते त्या यादीपासून किती दूर आहे? गुरुजींनी उगीच तिथं खराटा हातात घेतला नव्हता. अधिवेशन कशासाठी भरतंय, ते त्यांना ठाऊक होतं.

क्रांतिकारक या शब्दाचा आक्षेप जरा गंभीर आहे, कारण तो हुतात्म्यांच्या आदरातून येतो. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. खानदेशात जन्मलेल्या माणसाला त्या नावापुढे मान झुकवायला कुणी सांगावं लागत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांना एकच विचारतो : शिरीषकुमारच्या हातात काय होतं? झेंडा होता. गोळ्या दुसऱ्या बाजूनं आल्या. मग क्रांतीला पिस्तूलच लागतं, हा नियम कुणी केला? नंदुरबारच्या त्या पोराला आपण बिनतक्रार क्रांतिवीर म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. मग हीच कसोटी गुरुजींना का लावायची नाही? जे चाललंय ते चालू द्यायचं नाही म्हणून जो स्वतःचं सर्वस्व पणाला लावतो तो क्रांतिकारक, अशी व्याख्या केली तर दोघंही त्यात बसतात आणि कुणाचाच मान कमी होत नाही.

ती व्याख्या कुणाला सैल वाटत असेल तर त्यांनी पंढरपूर बघावं. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी १९४७ च्या सुरुवातीपासून महाराष्ट्रभर फिरले. सेनापती बापट त्यांच्या सोबत होते. दौऱ्यात कितीतरी गावांची देवळं आणि विहिरी खुल्या झाल्या. १ मे रोजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी आमरण उपोषण सुरू केलं. उपोषण सोडावं अशी तार कुणी पाठवली असेल? खुद्द गांधीजींनी. ज्यांच्यासाठी नोकरी सोडली, ज्यांच्या शब्दावर तुरुंग भोगले, त्या गांधीजींना गुरुजींनी नम्रपणे नाही म्हटलं. विरोधक एका बाजूला, स्वतःचा नेता दुसऱ्या बाजूला, मध्ये एक उपाशी माणूस. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, देऊळ खुलं करण्याचं ठरलं, तेव्हा १० मे रोजी उपोषण सुटलं. वारकऱ्यांची शतकानुशतकांची समतेची भाषा आणि देवळाचा उंबरठा यांच्यात जी भिंत होती, ती त्या दहा दिवसांत खचली. यापेक्षा मोठी क्रांती खानदेशच्या किंवा कोकणच्या कुठल्या माणसानं केली असेल तर मला दाखवावी.

हा माणूस रडत असे, हेही खरं. रडत असे म्हणूनच तो पंढरपूरला गेला. दुसऱ्याचं दुःख बघून ज्याचे डोळे भरतात पण पाय जागचे हलत नाहीत, त्याच्या अश्रूंचा कुणाला उपयोग नाही. गुरुजींचे डोळे भरले की पाय चालायला लागत. आपण डोळे तेवढे ठेवले आणि पाय कापून टाकले.

शेवटी खचले, हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागतो. ११ जून १९५० ला त्यांनी आपलं जीवन संपवलं. त्या मनात काय चाललं होतं यावर पैजा लावायचा आपल्याला अधिकार नाही. पण त्यांच्या शेवटच्या काही वर्षांकडे बघा. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतंय. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या कैद्यांबरोबर राहून भाषाभाषांमधल्या भिंती पाडायचा जो ध्यास घेतला होता, त्या आंतरभारतीसाठी ते अखेरपर्यंत झटत राहिले. एका मृत्यूच्या दिवसावरून पन्नास वर्षांच्या धडपडीवर पराभवाचा शिक्का मारणं हा अन्याय आहे. असा मृत्यू पाहिलेली कितीतरी घरं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या घरांसमोर 'शेवटी ते खचले' हे वाक्य उच्चारण्याआधी दहादा विचार करावा.

आता तारखांचं बोलतो, कारण खरी गोम तिथं आहे. वर्षात आपण गुरुजींच्या दोनच तारखा पाळतो. २४ डिसेंबर आणि ११ जून. जन्म आणि मृत्यू, या दोन्हींमध्ये माणसाचं कर्तृत्व नसतं. त्यातही ११ जूनला शाळा उघडलेल्या नसतात. मग उरतो तो एक दिवस, एक हार, एक प्रार्थना आणि ठरलेल्या दोन गोष्टी. शतकोत्तर रौप्यमहोत्सवी जयंती २०२४ मध्ये झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलं आणि विद्रोही संमेलनही. दोन्हीकडे गुरुजींचं नाव होतं. नावाचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. पण जयंतीची तारीख निवडली की कुणालाच काही करावं लागत नाही, फक्त जमावं लागतं. कर्तृत्वाची तारीख निवडली की लगेच प्रश्न येतो, त्याचं पुढे काय झालं? त्या प्रश्नाची आपल्याला भीती वाटते, आणि त्या भीतीलाच आपण "राजकारण नको" असं सभ्य नाव दिलंय.

म्हणून माझं म्हणणं मी गुळमुळीत ठेवत नाही. पांडुरंग सदाशिव साने हा खानदेशानं पाहिलेला अस्सल क्रांतिकारक नेता आहे. सावकारी, जात, मालक आणि स्वपक्षाची सत्ता या चारही ठिकाणी तो उभा राहिला, आणि चारही ठिकाणी त्याचं काम अर्धं राहिलंय. त्याला मुलांच्या गोष्टीपुरता ठेवायचा हक्क कुणालाही नाही, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना तर मुळीच नाही. २४ डिसेंबरला प्रार्थना जरूर म्हणा, मीही म्हणेन. मग तीनच दिवसांनी येणाऱ्या २७ डिसेंबरला भडगावच्या बाजाराच्या दिवसासारखी गर्दी जमवून फैजपूरचा ठराव मोठ्यानं वाचा, आणि त्यातलं एकेक कलम घेऊन तहसील कचेरीत विचारा की याचं काय झालं. १ मे ते १० मे या दिवसांत कोळगाव, गुढे, आमडदे, गिरड, कुठल्याही गावची ग्रामसभा भरवा आणि मांडा, की आपल्या गावात कुठलं देऊळ, कुठली विहीर, कुठलं स्मशान अजून कुणाला बंद आहे. आणि पुढच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय ठेवा 'श्यामच्या घरावरचं कर्ज'. त्या मुलीला पुन्हा बोलवा. या वेळी तिचे गुण कापायची हिंमत कुणी करून दाखवावी.